कोरं बोट

आमच्या आबांच्या गोष्टींत धरणं असायची. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, लेकीच्या, राधाबाईंच्या नावानं राधानगरी वसवली. १९१८ला काम थांबलं, १९२२ला महाराज गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. हे सगळं ते घरातल्या माणसाचं दुखणं सांगावं तसं सांगायचे. शेवटी म्हणायचे, "धरणाला दम लागतो बाळा. मागणाऱ्यालाबी."

आमचं गाव धामणी खोऱ्यातलं. भोगावतीकाठी ऊस डोलायचा, धामणी मात्र उन्हाळ्यात कोरडी पडायची. म्हणून दरवर्षी घरटी वर्गणी निघायची आणि नदीत मातीचा बंधारा घातला जायचा. पावसाळ्यात तो वाहून जायचा. पुढल्या साली पुन्हा वर्गणी, पुन्हा माती. २०००च्या सुमारास राई गावी धामणी धरण प्रकल्पाचं काम सुरू झालं, तेव्हा आबांनी देवाला नारळ फोडला. पण काम रखडलं, ते वर्षानुवर्षं. अखेर खोऱ्यातल्या गावांनी ठरवलं, धरण न्हाई तर मत न्हाई.

देवळातल्या बैठकीत आबा उशिरापर्यंत गप्प होते. कोल्हापूर संस्थान १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, एकविशी नुकती ओलांडलेल्या आबांनी पहिलं मत टाकलं होतं. मत म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ते उठले आणि एवढंच बोलले, "बंधाऱ्याला एक भोक पडलं तरी पाणी ऱ्हात न्हाई. बसायचं तर समद्यांनी."

या एका वाक्यानं मला बहिष्कार कळला. १९२० साली असहकाराच्या लाटेत काँग्रेसनं कायदेमंडळांच्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला, त्यातही बळ होतं ते एकीचं. पुढे १९६१च्या निवडणूक नियमांत एकट्या माणसालाही वाट होती. केंद्रावर जायचं, मत द्यायचं नाही असं नोंदवायचं आणि सही किंवा अंगठा द्यायचा. पण त्यात गुप्तता उरत नव्हती. २७ सप्टेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तिची बूज राखली आणि यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, म्हणजे नोटा, आलं. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये हे बटण दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. तरी निवडून यायचा तो उमेदवारच आला. नोटा एकट्याची नापसंती मोजतो. कारण मात्र सांगत नाही. गाव बसतं तेव्हा मागणी समोर असते. पाणी.

म्हणूनच आळसानं घरी बसणं आणि ठरवून बसणं यांची गल्लत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पहिल्यात मत वाहून जातं, दुसऱ्यात ते अडवलं जातं. आणि अडवायला जास्त कष्ट पडतात.

मतदानाच्या दिवशी शाळेत यंत्र मांडून कर्मचारी बसून होते. आजवर एकही निवडणूक न चुकवलेली आजी सकाळीच लुगडं नेसून उंबऱ्यात बसली. मी विचारलं, "आजी, जीव लागतोय व्हय शाळंकडं?"

"लागतोय की," ती म्हणाली. मग डावं बोट माझ्यापुढं धरलं. "आजवर शाईचं बोट दावून मागितलं. आता कोरं दावून मागतोय."

बोट कोरं होतं. पण त्याच्या पेरांत त्या सालच्या बंधाऱ्याची माती होती.