रक्ताची बाटली ते रक्ताची पिशवी

वसमतमध्ये एखाद्या बाळंतिणीला रक्त लागलं आणि गावात मिळालं नाही, की घरातला एक माणूस नांदेड किंवा परभणीच्या रक्तपेढीकडे धावतो. परत येताना थर्माकोलच्या डब्यात पिशवी असते. ती थंड का ठेवायची, आणि नुसती थंड ठेवून का भागत नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

पूर्वी दाता जवळ असला तरच रक्त देता येई. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ऑस्वाल्ड रॉबर्टसन या डॉक्टरांनी फ्रान्समध्ये सायट्रेट आणि ग्लुकोज घातलेलं रक्त बर्फात साठवून जखमींना दिलं. थंडीत पेशी टिकतात, आणि बहुतेक जंतूंची वाढ मंदावते. बहुतेक म्हणतोय, सगळ्यांची नाही!

पुढं काचेच्या बाटल्या आल्या. रबरी बूच, हवेसाठी सुई. म्हणजे हवेबरोबर जंतूंनाही वाट. अशा रक्तानं रुग्ण थंडी वाजून, रक्तदाब कोसळून दगावत. फ्रिजमध्येही वाढणारे जंतू त्यात असतात, हे १९५०च्या दशकात अब्राहम ब्राउड यांनी दाखवलं.

याच सुमारास बोस्टनचे डॉ. कार्ल वॉल्टर यांनी प्लॅस्टिकची बंद पिशवी आणली. रक्त निघतं तशी ती आकसत जाते, हवा आत घ्यावी लागत नाही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं देशी पिशवीचं तंत्र विकसित केलं.

पण जंतू दात्याच्या रक्तातच असला तर? यर्सिनिया नावाचा जंतू जुलाबातून येतो. दात्याला बरं वाटत असतं, पण रक्तात तो थोडा उरलेला असतो. लोह त्याला मानवतं, आणि ४ अंशांवरही तो आठवड्यागणिक वाढत जातो. रक्तातून त्याची बाधा झाल्याची पहिली नोंद १९७५ची.

म्हणून रक्तदान करताना ‘मागच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं’ हे सांगायचं. सांगितल्यानं पुण्य कमी होत नाही. पिशवी बाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिली, तर ती पुन्हा साठवत नाहीत. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बर्फाला थेट टेकवायची नाही, गरम पाण्यात घालायची नाही. सुरू केलेली पिशवी चार तासांत संपली पाहिजे. रक्त देताना हुडहुडी भरली, तर नळी आधी बंद करायची, सिस्टरला लगेच बोलवायचं.