फिल्म स्कॅनर : फ्लॅटबेड आणि ड्रम

फोटोची निगेटिव्ह किंवा स्लाइड वाचून तिची संगणकीय प्रतिमा करणाऱ्या यंत्रांचे हे दोन प्रमुख प्रकार. येथे त्यांची तुलना नाशिकमधील पंचवटीच्या जुन्या छायाचित्रांच्या संदर्भात केली आहे. रामकुंडावरची सिंहस्थ स्नाने, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, १९६९ चा गोदावरीचा महापूर हे सारे फिल्मच्या काळात घडले. त्यांची एखादी निगेटिव्ह घरातल्या पत्र्याच्या डब्यात निघाली, तर ती कोणत्या यंत्रावर द्यावी हे आधी त्या फिल्मची अवस्था पाहून ठरवावे, यंत्राच्या जाहिरातीतले आकडे पाहून नव्हे.

ड्रम स्कॅनर हा या दोहोंतला वडीलधारा. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला तो फिरत्या ड्रमवरच. ती प्रतिमा १७६ × १७६ बिंदूंची होती. पुढे रंगीत छपाईच्या व्यवसायात रंग वेगळे करण्यासाठी हे यंत्र रुळले. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या नळकांड्यावर फिल्म एका विशिष्ट द्रवाने चिकटवतात. नळकांडे मिनिटाला शेकडो फेरे घेते, आतून येणारा प्रकाशाचा बारीक झोत एका वेळी एकच बिंदू उजळतो आणि त्या बिंदूतून पार आलेला प्रकाश लाल, हिरवा व निळा असा विभागून फोटोमल्टिप्लायर नळ्यांवर पडतो. फ्लॅटबेडमध्ये फिल्म काचेवर किंवा काचेच्या किंचित वर होल्डरमध्ये सपाट राहते. झाकणातला दिवा तिच्यावरून सरकतो आणि खालचा सीसीडी संवेदक एकेक ओळ वाचतो.

खरा फरक गडद भागांत दिसतो. फिल्मची घनता ३ असेल तर प्रकाशाचा हजारावा भाग पार होतो, ४ असेल तर दहा हजारावा. फ्लॅटबेडमध्ये संपूर्ण ओळ एकदम उजळते. त्यामुळे काच, आरसे आणि भिंग यांच्यावरून विखुरलेला प्रकाश शेजारच्या काळ्या भागात उतरतो. दुपारच्या उन्हात चमकणारे गोदेचे पाणी आणि काळाराम मंदिराचा काळा दगड एकाच रंगीत स्लाइडवर असतील, तर फ्लॅटबेड त्या दगडाचा पोत हरवतो आणि ड्रम तो उलगडून दाखवतो. निगेटिव्हची घनता मात्र स्लाइडपेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे तिथे ड्रमची ही मातब्बरी फारशी कामी येत नाही.

तपशिलाचा हिशेब फिल्मच्या आकारावर ठरतो. २००६ मध्ये आलेल्या एप्सन परफेक्शन व्ही ७०० वर ६४०० डीपीआय लिहिलेले असले, तरी चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील २३०० ते २६०० च्या आसपासच भरतो. २४०० धरले तर ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीतून सुमारे ८० लाख बिंदू मिळतात. १२० रोलच्या चौरस निगेटिव्हमधून मात्र २ कोटी ८० लाख मिळतात, म्हणजे मोठ्या प्रिंटलाही पुरेसे. जुन्या स्टुडिओंतली पुष्कळशी कामे याच रोलवर, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’सारख्या कृष्णधवल फिल्मवर होत. अशा साठ्याला चांगला फ्लॅटबेड पुरतो, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ३५ मिमीची निवडक स्लाइड असेल आणि तिची भिंतभर प्रिंट करायची असेल, तर ड्रमचा खर्च सार्थ ठरतो.

काही वस्तू ड्रमवर नेऊच नयेत. काचेची प्लेट वाकत नाही, तेव्हा तिचा प्रश्नच मिटतो. ठिसूळ झालेली, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी किंवा इमल्शन (प्रतिमा धरणारा जिलेटिनचा थर) सुटू लागलेली फिल्म नळकांड्यावर ताणली की तडकू शकते. नदीकाठच्या ओलाव्यात पावसाळे काढलेल्या फिल्मवर बुरशी जिलेटिन खाते. अशा इमल्शनला पाणी किंवा द्रव लावण्याआधी जाणकाराला दाखवावे. १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेट घेते, म्हणून ती वेगळी ठेवावी. फाळके यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या काळातले चित्रपटही नायट्रेटवरचेच, पण चित्रपटाच्या रिळांसाठी या दोहोंहून निराळे स्कॅनर लागतात.

फ्लॅटबेडवर काम करताना फिल्म काचेला टेकली की प्रतिमेत न्यूटनची वलये, म्हणजे रंगीत वर्तुळाकार पट्टे, उमटतात; दमट दिवसांत हा त्रास वाढतो. होल्डरची उंची थोडी बदलून स्पष्टता तपासावी. धूळ आपोआप पुसणारी अवरक्त किरणांची सोय बहुतेक रंगीत फिल्मवर उत्तम चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी हे किरण अडवते, त्यामुळे तिथे ती बंद ठेवून ब्लोअर व मऊ ब्रश वापरावा. प्रतिमा १६ बिट टिफमध्ये साठवावी. वर सांगितलेल्या चौरस निगेटिव्हची अशी कृष्णधवल फाइल सुमारे ५६ मेगाबाइटची होते.

बहुतेक कंपन्यांनी ड्रम स्कॅनर बनवणे केव्हाच थांबवले आहे. चालू यंत्रे जुन्या संगणकांवर आणि मोजक्या कारागिरांच्या हातावर टिकून आहेत. त्यांची जागा आता बऱ्याच संग्रहालयांत लाइटबॉक्स, मॅक्रो लेन्स आणि डिजिटल कॅमेरा यांनी घेतली आहे. या पद्धतीत फिल्म ताणावी लागत नाही आणि काचेची प्लेटही तशीच टिपता येते.