वऱ्हाडच्या जिनातली ठिणगी

वेचणीच्या कापसासोबत जिनात काय काय येते? पऱ्हाटीची काडी, पालापाचोळा, ओंजळभर माती, कधी खडा, कधी गाडीच्या फळीतून निसटलेला खिळा. काडीकचऱ्याने रुईचा भाव उतरतो, खिळ्याने आख्खी जिनिंग पेटू शकते. डबल रोलर जिनात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरत असतात. प्रत्येक रुळाला एक पोलादी पाते दाबून बसवलेले असते आणि मधले हलते पाते सरकीला झटके देऊन रुईपासून सोडवते. या कचाट्यात लोखंड सापडले की ठिणगी उडते. ती पडते कुठे? सुट्या, कोरड्या रुईत.

वऱ्हाडातले अमरावती आणि अकोला म्हटले की रासायनिक कारखाने चटकन डोळ्यांपुढे येत नाहीत. तरीही धोकादायक कारखान्यात माणूस जिवंत कसा राहावा, हा प्रश्न या मुलखात दीडशे वर्षे जुना आहे. तेल शुद्धीकरण किंवा कीटकनाशकांच्या कारखान्यात आज ‘प्रोसेस सेफ्टी’ म्हणून जे शिकवतात, त्यातली बरीच बाराखडी जिनिंगच्या आवारात वाचता येते.

वऱ्हाडचा कापूस जुनाच. हातरेच्यावर सरकी काढून बैलांच्या पाठीवर तो मिर्झापूरकडे जाई. १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने पहिल्यांदा तो घाटवाटेने मुंबईला नेला : ५०० बैल आणि सुमारे १ लाख २० हजार पौंड कापूस. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

आगगाडीला सुटी रुई परवडत नाही. तिला घट्ट दाबलेली गाठ लागते. म्हणून स्टेशनांच्या आसपास वाफेवर चालणाऱ्या जिनिंग आणि प्रेस उभ्या राहिल्या. धोका नेमका इथे जन्मला. हातरेच्यावर बसलेल्या बाईसमोर कापूस असे तो टोपलीभर. आता एकाच आवारात हजारो मणांच्या गंज्या, शेजारी बॉयलरचा जाळ, धुरांडे, फिरते पट्टे आणि तापलेली बेअरिंगे आली. जळणारा माल आणि जाळणारी गोष्ट यांच्यात अंतर हवे, हा सुरक्षिततेचा पहिला धडा. बॉयलरघर एकीकडे, जिनघर दुसरीकडे, सरकीचे कोठार तिसरीकडे आणि गंज्या मोकळ्या मैदानात सुट्या सुट्या, ही जुन्या आवारांची मांडणी त्या धड्यातूनच आलेली.

कायद्याला मात्र ही आवारे बराच काळ दिसलीच नाहीत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा १०० किंवा अधिक कामगारांच्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याआधी उरकायचा, त्यामुळे कित्येक जिनिंग आपोआप सुटल्या. त्यात वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे वेगळ्या हुकमानेच लागू करावा लागे. शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगमध्ये पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम चालते, बायाही त्यात असतात, असे १८८० च्या दशकात फॅक्टरी निरीक्षकांनी नोंदवले होते. दिवसभर उभे राहून पेंगुळलेल्या हाताला खिळा काय आणि खडा काय! थकवा हेही अपघाताचे कारण असते, हे पुढे शास्त्राने मान्य केले. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये.

गंमत अशी की जिनिंगच्या कामगाराआधी कायद्याला कापूस दिसला. १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. भेसळ आणि पाणी मारलेली रुई यांनी परदेशातले गिऱ्हाईक हैराण झाले, म्हणून १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि क्रमांक हवा. नव्या जिनघरात कापूस आत यायची आणि रुई बाहेर जायची वाट वेगळी हवी. प्रेसघराची जमीन फरसबंद हवी. हेतू निव्वळ मालाच्या शुद्धतेचा. पण फरसबंद जमिनीवरून खडे-माती कमी उचलली जाते, दोन वाटा असल्या की गर्दी एकाच दारात अडत नाही, आणि क्रमांकावरून गाठ कुठल्या प्रेसची हे शोधता येते. स्वच्छता आणि सुरक्षितता वेगळ्या काढता येत नाहीत, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना कायद्यातच उतरले.

माणसासाठी लिहिलेली कलमे १९४८ च्या कारखाना अधिनियमात आली. चालू यंत्राला तेल द्यायचे किंवा पट्टा चढवायचा तर ते काम प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करावे, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर शाफ्टात अडकल्यावर काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना या कलमाचे कारण सांगावे लागत नाही. कापूस प्रेस करायच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे ‘कॉटन ओपनर’ यंत्र चालू असेल तिथे बायामुलांना काम देऊ नये. यंत्राची कापूस भरायची आणि बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षकाने ठरवलेल्या उंचीपर्यंत भिंत असेल, तरच त्यांनी कापूस भरायच्या बाजूला काम करावे. आणि खोलीत माणूस असेपर्यंत दाराला आतून सहज उघडणार नाही असे कुलूप-अडसर नको, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे. चोरी होऊ नये म्हणून दाराला कुलूप लावायची मालकाची सवय आणि आग लागल्यावर दाराकडे धावणारा कामगार यांचा हिशेब या एका वाक्यात मिटवला आहे.

रुईची आग फसवी असते. सुट्या रुईवरून ज्वाळा क्षणात सरकते. दाबलेल्या गाठीत मात्र ती आतल्या आत धुमसत राहते. प्रेसमध्ये ठिणगीसकट दाबली गेलेली गाठ पुढे गोदामात, ट्रकमध्ये किंवा जहाजात पेट घेऊ शकते. वरून पाणी मारले तरी ते गाभ्यापर्यंत झिरपत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीने याची किंमत १४ एप्रिल १९४४ ला मोजली. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला, बंब लागले, पाणी ओतले गेले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

एकत्र ठेवू नये ते एकत्र ठेवणे ही एक चूक. गरजेपेक्षा जास्त साठवणे ही दुसरी. १९७४ मध्ये इंग्लंडात फ्लिक्सबरोचा रासायनिक कारखाना उद्ध्वस्त होऊन २८ माणसे दगावली. त्यानंतर ट्रेव्हर क्लेट्झ या अभियंत्याने आग्रह धरला की घातक पदार्थाचा साठाच छाटावा. नसलेली वस्तू गळत नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री टाकीत टनावारी मिथाइल आयसोसायनेट होते, थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. संरक्षणाच्या साऱ्या भिंती एकामागून एक आधीच पडल्या होत्या.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात नवे प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यावी, आणीबाणीचा आराखडा तयार ठेवावा, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालावा, हा त्याचा हक्क मानला गेला. हे सारे लागू होते ते पहिल्या अनुसूचीतल्या उद्योगांना. त्या यादीत वनस्पतिजन्य तेल काढण्याचा उद्योग आहे. हेक्झेन या द्रावकाने सरकीसारख्या बियांतून तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट म्हणूनच त्या शिस्तीखाली येतो, आणि ते योग्यच. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि हवेत जेमतेम सव्वा टक्का झाली तरी पेट घेते. जिनिंगचे नाव मात्र त्या यादीत नाही.

दरम्यान जिनिंग बदलली. २००० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जुन्या जिनिंग-प्रेसना आधुनिकीकरणासाठी मदत मिळाली. कापूस डोक्यावरून वाहणाऱ्या बायांच्या जागी हवेच्या झोताने माल ओढणारे नळ आले, पक्के ओटे आले, पाण्याच्या टाक्या आल्या. माणूस धुळीतून थोडा बाहेर आला. पण ज्या नळातून कापूस सरकतो, त्याच नळातून धुमसता पुंजकाही पुढच्या यंत्रापर्यंत पोचतो. तो वाटेतच पकडणारी यंत्रणा बाजारात मिळते; ती बसवणे मालकाच्या मर्जीवर.

मर्यादेचा जुना खेळही संपलेला नाही. १८८१ मध्ये १०० कामगार आणि चार महिने हा उंबरठा होता. १९४८ मध्ये वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी तो १० कामगारांवर आला. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो पुन्हा २० वर नेला. यंत्रे वाढली की माणसे कमी लागतात, आगीचा धोका मात्र माणसांच्या संख्येवर ठरत नाही. तो ठरतो आवारात किती रुई पडली आहे यावर. जिनिंगसाठी उंबरठा ठरवायचाच असेल तर तो साठ्याच्या क्विंटलांवर ठरवावा, आणि धोका दिसताच तो कळवण्याचा जो हक्क सॉल्व्हंट प्लांटमधल्या कामगाराला आहे, तोच रुळाशी उभ्या असलेल्या जिनिंगच्या कामगारालाही प्रत्यक्षात मिळावा.