परदेशाची शिदोरी

परदेशी शिकून आलेल्या मराठी माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. पण वाचताना आपली नजर बहुधा दोनच ठिकाणी थांबते. बोटीवर पाय ठेवला तो दिवस, आणि पदवी हाती पडली तो दिवस. मधल्या वर्षांत तो विद्यार्थी काय जेवला, कोठे निजला, खोलीत ऊब होती की नव्हती, पैसा कोणाचा होता आणि कोणत्या अटीवर मिळाला होता, ह्या गोष्टी चरित्रकाराने लिहिलेल्या असल्या तरी आपण त्या वाचून विसरतो. मला मात्र अलीकडे तोच भाग पुन:पुन्हा उघडून पाहावासा वाटतो.

त्याला कारण आमचे गाव. पवनाकाठचे हे पिंपळे गुरव एके काळी शेतकऱ्यांचे. पलीकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागून आणखी कारखाने आले, आणि नांगर धरणाऱ्यांची मुले फिटर, टर्नर झाली. आता त्यांची नातवंडे जर्मनीला, कॅनडाला, अमेरिकेला शिकायला निघाली आहेत. मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर, तरी पालक मोठ्या भावाला विचारावे तसे मला विचारतात, "मास्तर, पोराला पाठवू का?" राहते घर तारण ठेवून कर्ज काढायचे असते, म्हणून प्रश्न साधा राहत नाही. परदेश मी पाहिलेला नाही. उत्तर द्यायचे तर इतिहासातूनच द्यावे लागते. तेव्हा मी त्यांना तीन माणसांच्या गोष्टी सांगतो.

पहिली आनंदीबाई जोशी यांची. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय तेथून पक्का झाला. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीला. त्यांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि पत्रापत्रीतून मावशी-भाचीचे नाते जुळले. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून आनंदीबाई जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. येथवर आपल्याला पाठ आहे.

मधल्या तीन हिवाळ्यांचे मात्र आपण बोलत नाही. आपला आहार आणि आपला वेष सोडणार नाही, असे त्या निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगून गेल्या होत्या. (हे बंगालमधले श्रीरामपूर, आपले नगर जिल्ह्यातले नव्हे.) शब्द त्यांनी पाळला, परंतु त्या हवेत तो आहार आणि तो वेष अंगाला पुरेना. खोलीतली शेकोटी धुरकट. पेटवावी तर धूर, विझवावी तर थंडी. प्रकृती खालावत गेली आणि क्षयाने गाठले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी राखलेली होती. तेथे रुजू होणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यात पकीप्सी येथे मावशींच्या कौटुंबिक दफनभूमीत विसावल्या.

दुसरी गोष्ट डॉ. रखमाबाईंची. आनंदीबाईंहून त्या काही महिन्यांनीच मोठ्या. बालपणी लावलेले लग्न नाकारल्याबद्दल मुंबईत त्यांच्यावर दावा झाला. १८८७ साली न्यायालयाने निकाल दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली; पुढे १८८८ साली प्रकरण तडजोडीने मिटले, आणि १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यक शिकण्यास गेल्या. ज्या बाईची अब्रू भर न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत चघळली गेली होती, तिला समुद्र ओलांडणे सोपे गेले असेल असे कोणी समजू नये. पण जाण्यापूर्वीच त्यांच्या मागे माणसे उभी होती. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी वाट दाखवली, खर्चासाठी निधी जमला, आणि इंग्लंडात उतरल्यावर मॅकलारेन दांपत्याचे घर आधाराला मिळाले. १८९४ साली त्या डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोट येथे कित्येक वर्षे रुग्णसेवा केली, आणि नव्वदी गाठून १९५५ साली निवर्तल्या.

दोघींची तुलना करून एकीला शहाणी आणि दुसरीला भोळी ठरवण्याचे पाप मी करणार नाही. आनंदीबाई पुढे गेल्या, तेव्हा वाटेवर कोणाचे पाऊलच उमटलेले नव्हते. क्षय त्या काळी घरबसल्यांनाही सोडत नसे, आणि त्यावर औषध नव्हते. तरी एवढे खरे, की ऊब, अन्न आणि जवळचे माणूस ह्या तीन गोष्टी परमुलखात अभ्यासाइतक्याच मोलाच्या असतात.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९१३ साली ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि करार असा की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. वसतिगृहाचे जेवण मानवेना म्हणून आठवड्यातच त्यांनी बिऱ्हाड बदलले. पुढे नवल भथेना ह्या पारशी मित्राची सोबत लाभली. १९१६ साली ते लंडनला पोचले; तेथला अभ्यास रंगात आला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. सामानाचा विमा होता. त्याची भरपाई हाती आली, आणि करार पाळण्यासाठी बडोद्यास जाण्याच्या खर्चाला तीच उपयोगी पडली. तेथे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. कोलंबियात शिकलेल्या ह्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

बाबासाहेबांनी लंडनचा अर्धा राहिलेला धडा सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू छत्रपतींनी मदत केली, भथेनांनी ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रात्री उशिरापर्यंत वाचन, आणि भुकेला ओळखीच्याने दिलेले पापड. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. आमचा एखादा विद्यार्थी लंडनला गेलाच, तर राजवाड्याआधी त्याने ते घर पाहावे.

ह्या तीन गोष्टींतून मी आमच्या पालकांना जे सांगतो ते साधेच आहे. कॉलेजचे नाव विचारता, तसे तिथल्या हिवाळ्याचे महिने विचारा. राहण्याची जागा ठरल्यावाचून पोराला विमानात बसवू नका, आणि त्या जागेत ऊब कशी मिळते हे लेखी मागा. आजारपणाचा विमा आधी काढा. नंतर काढू म्हणणारा नंतर काढत नाही. निघण्यापूर्वी मुलाला भात, वरण, पोळी करता आली पाहिजे. मुलगी असेल तर तिला येतेच, असे गृहीत धरू नका. पोचल्यावर हाक मारता येईल असे एक तरी माणूस आधी शोधा.

पैशाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कर्जाचे व्याज कधीपासून चढते, शिष्यवृत्ती किती वर्षे चालते, अभ्यास लांबला तर काय, परतण्याची अट आहे काय, हे आधी समजले पाहिजे. जर्मनीला जाणाऱ्याला वर्षभराच्या खर्चाची रक्कम अगोदरच एका बंद खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरली, आणि ती महिन्याच्या हप्त्यानेच हाती येते. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आवारात आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते, म्हणून "तिथे कमावून फेडेल" ह्या भरवशावर घर तारण ठेवू नये. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी कर्जाच्या आधी करावी.

आणि एक. फोन आला की आपण पहिल्याप्रथम परीक्षेचे विचारतो. पोर शहाणे असते; ते परीक्षेचेच सांगते आणि खोकल्याचे लपवते. तेव्हा आईबापांनी आधी जेवणाचे विचारावे, मग झोपेचे, मग खोलीतल्या थंडीचे. गुणपत्रिका काय, ती टपालानेही घरी येईल.