मोडीत काढलेली तोफ

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. आयुष्य कामगारांत गेले. नवे यंत्र आले, की जुन्या माणसाला "आता तुझी गरज नाही" असे सांगतात, ते मी पुष्कळदा ऐकले. म्हणून एका तोफेची हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

युद्धनौकेवरील मध्यम तोफ म्हणजे नळीचा व्यास साधारण तीन ते पाच इंच असलेली तोफ. 1967 साली इजिप्तच्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडविली. 1971 च्या डिसेंबरात आपल्या लहानशा क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला केला. तोफेचा जमाना सरला, असे जाणते म्हणू लागले. ब्रिटनने 1979 साली 'ब्रॉडस्वर्ड' ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट सेवेत घेतली. तिच्यावर मध्यम तोफ नव्हतीच.

तीनच वर्षांनी, 1982 मध्ये, फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे युद्ध जुंपले. खंदकांत बसलेल्या फौजेवर रात्रभर मारा करायचा, तर महागडी क्षेपणास्त्रे किती उधळणार? तेथे इतर नौकांवरील साडेचार इंची तोफच कामी आली. एकवीस किलोचा गोळा, सुमारे 22 किलोमीटरचा पल्ला, मिनिटाला 25 गोळे. 1988 साली 'कॉर्नवॉल' सेवेत आली. ती 'ब्रॉडस्वर्ड'च्याच वर्गातली. पण तिच्यावर ही तोफ होती!

आता माणसाचे काय झाले? जुन्या जोडतोफेच्या पोलादी घरात गोलंदाज राबत. या नव्या तोफेच्या घरात माणूसच नाही. मात्र डेकखाली गोळे पुरविणारे हात होतेच, आणि तोफेला लक्ष्य देणारेही. हात संपले नव्हते, नजरेआड गेले होते.

आणि नजरेआड आणखीही कोणी होते. 11-12 जूनच्या रात्री ब्रिटिश नौकेचे गोळे स्टॅन्ले गावातील एका घरावर पडले. ज्यांना सोडविण्यासाठी आरमार आले होते, त्या बेटवासीयांतल्याच तीन स्त्रिया मृत्यू पावल्या. साऱ्या युद्धात बेटावरचे नागरिक मेले ते एवढेच.

तेव्हा कोणाला निरुपयोगी ठरविले, की आधी विचारावे : कोणत्या कामाला? आणि तोफेजवळ माणूस दिसत नाही, म्हणून तिच्या गोळ्याची जबाबदारी माणसावरून उतरली, असे मात्र कधीही मानू नये.