फडफडणारा पडदा: जत्रेच्या तंबूपासून संगणकापर्यंत

जत्रांमधील तंबू-सिनेमाची जुनी हस्तपत्रके आणि छायाचित्रे संगणकावर उतरवून ठेवण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. मोठ्या प्रतिमा उघडताना जुना संगणक अडखळू लागला, म्हणून गेल्या पावसाळ्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि त्याच संध्याकाळपासून पडदा फडफडू लागला. चित्र क्षणभर काळे होई आणि परत येई. कार्डच सदोष आहे, परत करून टाका, असा सल्ला मिळाला. तो मानण्याआधी माझ्याच टिपणवहीतील एक पान आठवले. ते सांगलीकडच्या एका वृद्ध ऑपरेटरकाकांच्या मुलाखतीचे होते.

पण त्याआधी फडफडीचा इतिहास पाहायला हवा. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दाखवली गेली, तेव्हापासून हा दोष सिनेमाच्या सोबत आहे. किंबहुना सिनेमा उभाच त्यावर आहे. भिंगामागे फिल्म सलग धावत नाही. एकेक चित्र थांबते, मग पुढचे येते. ते सरकताना दिसू नये म्हणून फिरते पाते, म्हणजे शटर, प्रकाश अडवते. मूकपटात सेकंदाला साधारण 16 चित्रे जात. पडदा 16 वेळाच काळा झाला तर डोळ्यांना ते सोसत नाही, म्हणून शटरला तीन पाती देऊन ती संख्या 48 केली गेली. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आणि 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटाचा वेग 24 चित्रांचा ठरला आणि दोन पात्यांनी पुन्हा 48चाच आकडा साधला. हाताने फिरवायच्या मूकपटाच्या यंत्रावर हात मंदावला की फडफड लगेच दिसे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुसेगाव, पाली, म्हसवड, खरसुंडी अशा जत्रांच्या तिथ्यांवर सातारा-सांगली भागातील तंबूंचा हंगाम चाले. माळावर वीज नसे. तेलाचे इंजिन, त्यावर डायनामो आणि त्यावर कार्बनचा दिवा, अशी मांडणी असे. या भागाला यंत्र नवे नव्हते. औंध संस्थानात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. लोखंडी नांगर आणि पंप उघडून पुन्हा जुळवणारे हात आसपासच्या गावांत तयार झाले होते.

कार्बनच्या दिव्यात दोन कांड्यांमधील फटीत ज्योत पेटते. कांड्या जळून आखूड होतात, फट वाढते आणि ज्योत थरथरू लागते. म्हणून ऑपरेटरचे एक लक्ष कायम त्या फटीवर असे. या दिव्याला एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, मानवतो. खरी पंचाईत नवी वस्तू आणल्यावर होई. उलटसुलट वाहणाऱ्या एसी विजेवर तोच दिवा सरळ लावला, तर 50 हर्ट्झच्या विजेत त्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 48 वेळा उघडझाप करते. त्याची दुप्पट 96. शंभर आणि शहाण्णव यांतील फरक पडद्यावर सेकंदाला चार ठोक्यांसारखा उमटू शकतो. दिवा चांगला, यंत्र चांगले, वीजही चांगली, आणि तरी चित्र थरथरते, कारण या तिघांचा आपसात मेळ नसतो. त्यावरचा उपाय म्हणजे मध्ये रेक्टिफायर बसवून एसीचा डीसी करणे.

काकांचे शब्द मी टिपले होते तसे देतो: “नवं आणलं म्हणून नव्याला दोष द्यायचा न्हाय. आधी लाइट बघायची, मग वायर, मग दिवा, शेवटी मशीन. आणि एका वक्ताला एकच गोष्ट बदलायची.”

मी तोच क्रम धरला. आधी वीज. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत होती. ती पक्की बसलेली होती आणि पॉवर सप्लायची ताकदही पुरेशी होती. मग विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडला. त्याची खिडकीही बाकी पडद्याबरोबर फडफडत असेल तर संशय सहसा ड्रायव्हरवर जातो, तो स्थिर राहिला तर एखाद्या प्रोग्रॅमवर. माझ्याकडे सगळाच पडदा जात होता, म्हणून जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घातला. फरक पडला नाही. मग आकडे पाहिले. जुने कार्ड पडद्याला 60 हर्ट्झवर चालवत होते, नव्याने तो 75वर नेला होता. परत 60 केले आणि फडफड थांबली. म्हणजे 75 हर्ट्झची माहिती वाहून नेताना मधली जुनी केबल कमी पडत होती. केबल बदलली, आता 75वरही चित्र स्थिर आहे आणि कार्ड जागेवर आहे.

हे पडदे कार्बनच्या दिव्यासारखे नसतात. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर 60 हर्ट्झची फडफड अनेकांच्या डोळ्यांना खुपे. सपाट एलसीडी पडद्यावरचे चित्र पुढचे येईपर्यंत टिकून राहते. म्हणून तो काळा होऊन परत येत असेल, तर वेग कमी असल्याचा संशय न घेता जोडणी तपासावी. कारणे बदलली आहेत, पण शोधण्याची रीत तीच आहे.

या रीतीचे कर्ते मात्र कुठेच नोंदलेले नाहीत. आपल्या चित्रपट-इतिहासात दिग्दर्शक, नट, संस्था आहेत. तंबूत रात्रभर कांड्यांची फट सांभाळणारा ऑपरेटर नाही. रिळे गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले, कितीतरी जुनी यंत्रे भंगारात निघाली. फिरत्या तंबूंच्या या अखेरच्या काळावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातून चेहरे जपले गेले, पण कोणता बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा हे ज्ञान अजूनही त्या माणसांच्या बोलण्यातच आहे, आणि ती माणसे आता वयस्कर झाली आहेत. आपल्या घरात वा गावात असा कोणी ऑपरेटर असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणते चित्रपट लावले हे विचाराच, पण पडदा फडफडला की आधी काय पाहत होता, हेही विचारा.