मुदतखरेदी, साठेखत, हक्कसोड... सही करण्याआधी या शब्दांचा अर्थ समजून घ्या

सोलापूर : पोरीचं लग्न, दवाखाना, बोअर नाहीतर उसाची लागण. पैशाची नड आली की जमिनीचा कागद बाहेर निघतो. ‘नुसता तारणाचा कागद आहे, सही करा’ असं सांगितलं जातं आणि घाईत सही होते. पण जमीन राहणार की जाणार, हे तोंडी बोलण्यावर नाही, दस्तात काय लिहिलंय त्यावर ठरतं. दस्त, कब्जा, इनाम असे बरेच शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. कानाला ओळखीचे, पण अर्थ विचारला तर अनेकांना सांगता येत नाही. त्यातले नेहमी लागणारे शब्द असे :

साठेखत : पुढे खरेदी करून देण्याचा करार. नुसत्या साठेखताने घेणारा मालक होत नाही. देणारा खरेदी करून देत नसेल तर ठरलेल्या तारखेपासून 3 वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. दस्तात तारीख नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून 3 वर्षं.

खरेदीखत : यानेच मालकी बदलते. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झालीच पाहिजे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हंजे खरेदी झाली, असं नाही.

नजरगहाण : जमीन तारण, पण ताबा आणि वहिवाट मालकाकडेच. बँक किंवा सोसायटीचं कर्ज बहुधा असंच असतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

कब्जेगहाण : इथे जमिनीचा ताबा पैसे देणाऱ्याकडे जातो. व्याजापोटी पीक तो खातो. मालकी मात्र मूळ मालकाचीच राहते.

मुदतखरेदी : सगळ्यात जास्त घात इथेच होतो. पैसे घेताना जमीन खरेदी लिहून द्यायची आणि मुदतीत पैसे फेडले की परत फिरवून घ्यायची, असा हा व्यवहार. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 58 नुसार, जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो गहाणाचा व्यवहार धरला जाऊ शकतो. अट वेगळ्या स्टॅम्पवर असेल तर ते गहाण ठरत नाही. फरक मोठा आहे. गहाण ठरलं तर जमीन सोडवण्याचा हक्क सुरू झाल्यापासून 30 वर्षांपर्यंत दावा करता येतो. खरेदी ठरली आणि मुदत हुकली, तर जमीन हातची जाते.

हक्कसोडपत्र : आपला हिस्सा सहहिस्सेदाराच्या नावे सोडून देणं. वारस नोंदीच्या अर्जावर सही केल्याने बहिणीचा हिस्सा जात नाही, नोंदणीकृत हक्कसोडीने जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात हे पक्कं केलं. फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

भोगवटादार वर्ग 2 : सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. उजनी धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, वतनाच्या काही जमिनी यात येतात. घेणाऱ्याने सातबाऱ्यावर हा शेरा आधी पाहावा. परवानगी नसेल तर व्यवहार अडचणीत येतो.

फेरफार : गाव नमुना 6 मधली बदलाची नोंद. फेरफार म्हंजे मालकी नव्हे; मालकी दस्ताने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकुमाने येते. तरीही दुर्लक्ष नको. नोटीस आल्यावर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत देता येते. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडे 60 दिवसांत अपील करता येतं. चालू फेरफार मोबाईलवर ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात.

दस्तावर सही करण्याआधी मथळा, मुदत, ताब्याची ओळ आणि रक्कम मोठ्याने वाचून घ्यावी. कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा देऊ नये. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा असतो.